लालीबाईचा नारू आणि भुरीबाई

फुलसावंगीजवळच्या तांड्यात लालीबाईच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. तिचा नवरा धावजी लग्नानंतर वर्षभरातच एक गोष्ट शिकला होता. ती बोलायला लागली, की आपण बैलांना पाणी दाखवायला निघून जायचं. त्यामुळे धावजीचे बैल हे साऱ्या तांड्यात सगळ्यात जास्त पाणी पिणारे बैल म्हणून ओळखले जात.

तोंड असं धारदार, पण पाय मात्र दरसाल दगा द्यायचे. पेरणी तोंडावर आली, की लालीबाईच्या पायात नारू निघायचा. आधी घोट्याजवळ आग व्हायची, मग फोड यायचा, आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या सुतासारखा किडा डोकं बाहेर काढायचा. चांगला हातभर लांब. ओढून काढावा तर तुटतो, आणि तुटला की पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. तोवर माणूस खाटेवर. लालीबाई खाटेवरूनच पेरणी चालवायची, म्हणजे धावजी शेतात असायचा आणि तिच्या शिव्या त्याला तिथं ऐकू जायच्या.

नारू तांड्यात घरोघरी होता. लालीबाईच्या सासूचा, धनीबाईचा, नारू गुडघ्यात तुटला होता. तेव्हापासून तिचा गुडघा लाकडासारखा ताठ झाला तो कायमचाच. तांड्याचे नायक भावसिंग सांगायचे की हा मरीमायचा कोप आहे, बकरा द्या.

"दरसाल देतो की बकरा," लालीबाई म्हणायची. "बकरा जाते नायकाच्या पोटात, अन् नारू राह्यते माह्या पायात. मरीमाय पावली कोणाले मंग?"

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तांड्यात एक जीप आली. जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि मुंबई राज्याबरोबर दारूबंदी आली होती. म्हणून जीपचा धुरळा दिसताच बाप्ये मंडळी मोहाची मडकी लपवायला पळाली. पण उतरले ते दारूबंदीवाले नव्हते. एक होते नागपूरचे तरुण डॉक्टर वामनराव, चष्मा आणि इस्तरीचा शर्ट घातलेले. त्यांच्या मागून उतरली एक उंच, भुऱ्या केसांची विलायती डॉक्टरीण. तिचं खरं नाव तांड्यातल्या एकाही जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. दिवस मावळेपर्यंत तिचं नाव भुरीबाई पडलं होतं.

वामनरावांनी लिंबाखाली उभं राहून भाषण केलं. नागपूरचं एक संशोधन केंद्र आणि विलायतेतलं एक विद्यापीठ मिळून नारूचा अभ्यास करणार आहेत, आणि त्यातून अखिल मानवजातीचं कल्याण होणार आहे, असं त्यांनी पुस्तकी मराठीत सांगितलं.

लालीबाईची खाट जवळच होती. तिने विचारलं, "डाक्टर, हे मानवजात कोणच्या तांड्यातली?"

सगळे हसले. वामनरावांनी चष्मा पुसला.

"अन् या बाईच्या देशात रोगराई नाही काय? समुद्र ओलांडून माह्याच पायाले कायले आली?"

वामनरावांनी ते इंग्रजीत सांगितलं, बहुधा बरंच मऊ करून. भुरीबाईने उत्तर दिलं, ते ऐकून वामनराव घुटमळले.

"काय म्हणते?"

"म्हणतात, त्यांनी नारूवर जाडं पुस्तक लिहिलं आहे. पण जित्या माणसाच्या पायातला नारू त्यांनी अजून पाहिलेला नाही. फक्त बाटलीतला पाहिला."

"अगं बया! हे तर फोटो पाहून संसार केल्यासारखं झालं," लालीबाई म्हणाली, आणि पायावरचं फडकं काढून पाय पुढे केला. "घे पाहून."

भुरीबाई धुळीत गुडघ्यावर बसली. काडीला गुंडाळलेला नारू तिने अगदी नाकाजवळ जाऊन पाहिला. तिचे डोळे भरून आले. आपलं दुखणं पाहून परक्या मुलखातली बाई रडते, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"रडू नको म्हणा तिले," ती वामनरावांना म्हणाली. "सवय हाय मले."

"त्या रडत नाहीत," वामनराव खाली बघत म्हणाले. "त्यांना आनंद झाला आहे."

त्यावर लालीबाईने जी शिवी दिली, ती वामनरावांनी भाषांतर न करता गिळली.

पण दोघींचं जमलं ते तिथूनच. भुरीबाईला भाषा येत नव्हती, त्यामुळे लालीबाईच्या तोंडाचं भय वाटत नाही असं तांड्यात एकच माणूस होतं. धावजी म्हणायचा की परदेशी असण्याचा एवढा तरी फायदा आहेच.

तांड्याचं पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं. बाया पायऱ्या उतरून पोटऱ्याभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवून भरत. नारूच्या पायाची आग व्हायची तेव्हा त्याच पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडत. तेवढंच जिवाला थंड. भुरीबाईने ते पाणी भरून आणलं, एक थेंब काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली सरकवला. मग लालीबाईला डोळा लावायला सांगितलं.

आधी तिला आपलीच पापणी दिसली. मग दिसला एक किडा, झटके देत पोहणारा, कपाळावर एकच डोळा. त्याच्या पोटात वेटोळं घातलेलं काहीतरी वळवळत होतं.

"ते नारूचं पिलू," वामनराव म्हणाले. आता त्यांचीही भाषा जरा जमिनीवर आली होती. "पाण्यासंगं हा एकडोळ्या आपण पितो. पिलू पोटात उतरतं, सालभर अंगात वाढतं, अन् पायातून निघतं. आपण पाय विहिरीत बुडवतो, तेव्हा ते हजारो पिलं पाण्यात सोडतं. ते एकडोळे खातात. अन् एकडोळे आपण पितो."

"म्हणजे मीच पेरतो अन् मीच खातो?"

"हो."

लालीबाईने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि पडवीत ताठ पाय पसरून बसलेल्या सासूकडे पाहिलं. म्हातारीला रोज पाणी देणारी तीच होती. आपल्या हाताने, चांगली घासलेली घागर, थंडगार पाणी. तिने शेजारची भरलेली घागर शिवी न देता मातीत पालथी केली. धावजी घाबरून बैलांकडे बघायला लागला.

त्या दिवशी तिने पाणी सोडलं. तहान लागली तेव्हा धावजीने लपवलेली मोहाची शोधून काढली आणि दिवेलागणीच्या आत संपवली. "हिच्यात तं एकडोळ्या जगत नसन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली आणि पाणी मागितलं. तेव्हा वामनरावांनी उकळून दिलं.

पुढच्या सालच्या उन्हाळ्यात गोळी आली. विलायतेत ती प्राण्यांवर चालली होती. माणसाच्या अंगातला नारू मरतो का, हे पाहायचं होतं. वामनरावांनी तांडा गोळा करून सांगितलं की जबरदस्ती नाही, पोटात मळमळेल, आणि नक्की गुण येईलच असं कोणी सांगू शकत नाही. नायक भावसिंगांनी जाहीर केलं की कोणीही परदेशी औषध तोंडात घालायचं नाही. नायक नाही म्हणाले हे ऐकताच लालीबाईने पहिला हात वर केला. तिच्यामागे आणखी बाया आल्या, काही बाप्ये आले.

ती गोळी म्हणजे शुद्ध छळ होता. लालीबाई सकाळी ओकली, दुपारी ओकली, मधल्या वेळात शिव्या दिल्या. भुरीबाई तिच्या उशाशी टोपलं धरून बसायची. आणि एवढं करून, पेरणी आली तसा नारू आलाच, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या मस्तीत. गोळी घेणाऱ्या सगळ्यांचंच तसं झालं.

वामनराव खचले. या गोळीवर त्यांनी आपलं नाव, बढती, कदाचित लग्नसुद्धा ठरवून ठेवलं होतं. त्यांचं मत पडलं की आणखी एक साल देऊन पाहू, मात्रा वाढवू. जीपपाशी त्यांचं आणि भुरीबाईचं इंग्रजीत भांडण झालं. भाषा कळत नसली तरी भांडणातली जाणकार म्हणून लालीबाईला कळलं की भुरीबाई जिंकली.

मग वामनराव एकटेच तिच्या खाटेपाशी आले.

"लालीबाई, गोळी बेकार आहे."

"मले सांगता? माह्या आतड्याले इचारा."

"ती आम्ही बंद करतो आहोत. अन् तसं छापणार आहोत."

"मंग दिली कायले?" लालीबाई टोपलं उचलून खाटेवर उठून बसली. "मी ओकून राह्यली होती, अन् तुम्ही आता म्हणता बेकार हाय! जा तुमची जीप घेऊन. पुन्हा माह्या दारात पाय ठेवला तं हेच टोपलं डोक्यावर घालीन."

वामनराव गेले नाहीत. जमिनीवर बसले. इस्तरीच्या शर्टाची काळजी त्यांनी केव्हाच सोडली होती.

"ऐका. हा रोग आपल्याकडेच नाही. अरबस्तानात आहे, आफ्रिकेतल्या कितीतरी मुलखांत आहे. तिथले डॉक्टरही हीच गोळी द्यायला निघाले होते. आता नाही देणार. कारण इथं ती चालली नाही, हे त्यांना कळेल."

लालीबाई विचारात पडली. "म्हणजे मी ओकली म्हणून तिथल्या बायाईले ओका लागणार नाही?"

"असंच काहीसं."

"असंच काहीसं नाही. नक्की सांगा."

"नक्की."

तिने टोपलं खाली ठेवलं. त्या दिवसापासून फुलसावंगीच्या बाजारात कोणी भावाची घासाघीस केली, की लालीबाई त्याला सुनावायची, आफ्रिकेतल्या बायकांचं पोट मी वाचवलं, अन् तू मले मिरचीचा भाव शिकवतो?

गोळी गेली, मग कापडाची पाळी आली. भुरीबाईने विलायतेहून बारीक विणीचं रेशमी कापड मागवलं. घागरीच्या तोंडाला बांधून पाणी गाळलं की एकडोळ्या वरच राहतो. घरोघरी तुकडे वाटून ती आणि वामनराव नागपूरला गेले. परत आले तेव्हा एकाही घागरीवर कापड नव्हतं. ते होतं तांड्यातल्या पोरींच्या काचोळ्यांवर, म्हणजे चोळ्यांवर, आरसे आणि कवड्या लावून, फार सुंदर दिसत होतं. भुरीबाईने कपाळावर हात मारला. मग इतकी हसली, की तिला धरून बसवावं लागलं.

त्या रात्रीचा दिवस करून दोघांनी तांड्यातली जुनी धोतरं, लुगडी, ओढण्या आणून पाणी गाळून पाहिलं. जुन्या सुती धोतराची दुहेरी घडी पुरेशी होते असं निघालं. विरलेल्या धोतरावर आरसे लावायची कोणालाच हौस नव्हती, त्यामुळे ते घागरीवर टिकलं.

खरा अडसर होता पायऱ्यांचा. विहिरीच्या पायऱ्या बुजवून कठडा बांधावा, रहाट बसवावा, म्हणजे कोणाचा पायच पाण्याला लागणार नाही, असं वामनरावांनी सुचवलं. भावसिंग नायक उखडले. पायऱ्या त्यांच्या आज्याने बांधलेल्या. "पायरीले हात लावला तं मी त्याच पायरीवर जीव देईन," ते म्हणाले. जीव देण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती, पण नायकाचा शब्द होता. काम थांबलं.

मग होळी आली. होळीला तांड्यात बाया फेर धरून लेंगी म्हणतात, आणि त्या गाण्यात बाईने कोणालाही काहीही म्हणावं, त्या दिवशी ते माफ. लालीबाईला तर हा सण आपल्यासाठीच निघाला आहे असं वाटायचं. त्या साली ती फेराच्या मधोमध आली, ओढणी खोचली आणि गाण्यातून विचारलं की गेल्या पेरणीला आपले नायक घोड्यावर बसायचे बंद काहून झाले होते? बसताना उशी काहून मागत होते? अंधार पडता पडता डॉक्टरच्या जीपमागे धोतर सोडून काहून उभे होते? मरीमायने नायकाला नारू दिला, तो पायात नाही दिला, मांडीतही नाही दिला, मग बायांनो, सांगा कुठं दिला?

सगळ्या बायांनी एका सुरात कुठं ते सांगितलं.

तांडा लोळून लोळून हसला. भावसिंगांचा चेहरा फेट्यासारखा लाल झाला. उठून जावं तर सगळ्यांना चालण्यावरूनही हसू येणार. बसून राहावं तर गाणं पुढं चाललेलं. शेवटी त्यांनी हात जोडले.

"बस कर, लालीबाई! बुजवा पायऱ्या. कठडा बांधा. पण गाणं बदल, माय."

गाणं बदललं नाही. कठडा मात्र उन्हाळ्याच्या आत उभा राहिला, आणि रहाटाची पहिली घागर नायकांनीच ओढली. तोंड दुसरीकडे करून.

साल गेलं, दुसरं गेलं. एका पेरणीला लालीबाईच्या पायात काहीच आलं नाही. ती रोज सकाळी घोटा दाबून पाहायची. आठवडाभर तिला चुकल्यासारखं वाटलं. मग ती तिफणीमागे शेतात उतरली आणि धावजीचे वाईट दिवस सुरू झाले, कारण आता शिव्या जवळून मिळायला लागल्या.

बासष्ट साली वामनरावांनी एक पाहुणा आणला. घाना देशाचे डॉक्टर मेन्सा. उंच, काळेशार, पांढरे शुभ्र दात, आणि हसणं असं की बैल दचकावेत. तांड्याने तासाभरात त्यांचं मेनसिंग करून टाकलं. सिंग म्हटल्यावर ते अर्धे सोयरेच झाले.

लालीबाईने त्यांना कापड कसं बांधायचं ते दाखवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा बांधून पाहिलं. मग पडवीत बसून त्यांनी पॅन्ट वर सरकवली. दोन्ही पोटऱ्यांवर गोल गोल जुने वण होते.

लालीबाई वाकून बघत राहिली. मग तिने आपला फेटिया, तो घेरदार घागरा, घोट्यावर घेतला आणि पाय त्यांच्या पायाजवळ ठेवला. तेच वण, त्याच जागी. ताठ गुडघ्याची धनीबाई सरकत सरकत आली आणि तिने मेनसिंगांच्या पोटरीवरून बोट फिरवलं.

"तुमच्या इथंबी मरीमाय हाय?" म्हातारीने विचारलं.

वामनरावांनी भाषांतर केलं. मेनसिंग म्हणाले, "आहे. नाव वेगळं आहे. बकराच मागते."

धनीबाई ताठ पाय बडवत हसली. लालीबाईला मात्र हसता हसता वेगळंच काहीतरी झालं. जन्मभर तिला वाटत होतं की हा रोग तांड्याला मिळालेला शाप आहे, आपल्याच कोणाच्या तरी पापाचा. समुद्रापलीकडच्या माणसाने तर तिच्या तांड्याचं पाप केलेलं नव्हतं. मग पाप कुठं होतं? पाणी होतं, बस.

मेनसिंग फक्त शिकायला आले नव्हते. शेजारच्या घरातल्या एका बाईला फोड आला होता आणि ती रानातल्या डोहावर पाणी भरायला निघाली होती. विहिरीला कठडा झाला, पण शेतातले डोह, नाले उघडेच होते, आणि नारू मागच्या दाराने येत होता. मेनसिंगांनी तिला थांबवलं. आमच्या गावी आम्ही असं करतो, ते म्हणाले: फोड आलेल्या बाईला पाण्याकडे जायची बंदी. पाय घरीच बादलीत बुडवायचा, ते पाणी कोरड्या मातीत दूर ओतायचं. आणि नारू जाईपर्यंत तिचं पाणी नवऱ्याने भरायचं.

शेवटचं वाक्य ऐकून बायांनी हातातली कामं सोडली.

"पुन्हा सांगा," लालीबाई म्हणाली.

"नवऱ्याने भरायचं."

"बाप्यानं? डोक्यावर घागर घेऊन?"

"मी स्वतः आईसाठी भरलं आहे," मेनसिंग म्हणाले.

त्या दिवशी तांड्यातल्या बाप्यांनी मेनसिंगांना सोयरेपणातून काढून टाकलं. बायांनी त्यांना जेवायला वाढलं ते ताट मांडीवर मावेना. पुढे ज्या ज्या घरी फोड आला, तिथला नवरा डोक्यावर घागर घेऊन रहाटाकडे जाताना दिसायला लागला. पहिल्याला लोक हसले. लालीबाई हसणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिथून सूर्य मावळल्यावरच परतली. दुसऱ्याला कोणी हसलं नाही.

मेनसिंग धोतराची घडी पिशवीत घालून गेले. भुरीबाई त्यांच्या देशात त्यांना जाऊन मिळाली. कधीतरी वामनराव बातमी आणायचे, की तिथं मडक्यांवर कापड आलं, आणि कोण्या गावच्या म्हाताऱ्या कापडाला तयारच होत नाहीत. "त्याईले होळी नसन," लालीबाई म्हणायची.

चौसष्ट साली वामनराव स्वतःच घानाला निघाले. मेनसिंगांनी बोलावलं होतं, दोन वर्षांसाठी. इथं शिकलेलं तिथं करायचं, तिथलं शिकून परत यायचं. निरोप घ्यायला ते तांड्यावर आले तेव्हा त्यांच्यासोबत बायको होती. लालीबाईने तिची ओटी भरली आणि तिला बाजूला नेऊन, नवऱ्याकडून पाणी कसं भरून घ्यायचं, ते सविस्तर सांगितलं.

त्याच साली लालीबाईच्या घरी सून आली, उमरखेडकडच्या तांड्यातली. पेरणीच्या तोंडावर सुनेच्या घोट्याला फोड आला. पोरगी भेदरून रडायला लागली. सासरी येऊन कामाला नाही पडले तर लोक काय म्हणतील?

"काई नाई म्हणत," लालीबाई म्हणाली. "तुह्या माहेरची विहीर कशी हाय? पायऱ्याची?"

सुनेने मान हलवली.

"अन् नायक कसा हाय तिथला?"

"लय कडक."

लालीबाईने सुनेचा पाय बादलीत ठेवला, पोराच्या हातात घागर दिली, जुनं धोतर घडी करून कमरेला खोचलं आणि उमरखेडच्या एसटीची वाट धरली. धावजी बैलांना पाणी दाखवून परतला तेव्हा घर शांत होतं. त्याने सुनेला विचारलं, याडी कुठं गेली, सासू तुझी? सुनेने सांगितलं. धावजी खाटेवर बसला आणि त्या कडक नायकासाठी त्याला मनापासून वाईट वाटलं.